सुभेदार रामजी सकपाळ : एका पालकाचे चरित्र

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते तेव्हा आमच्या शाळेच्या आवारात दोन प्रकारचे पालक दिसतात. काहींच्या घरातून यापूर्वी कोणी तरी वसतिगृहात राहून शिकलेले असते. पेटी, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी, गणवेश यांची यादी त्यांना तोंडपाठ असते. दुसरे पालक असे, की ज्यांच्या घराण्यात माध्यमिक शाळेची पायरी प्रथमच कोणी चढत असते. प्रवेश-अर्जावर सही किंवा अंगठा करून झाल्यावरही ते कार्यालयाच्या दारापाशी घुटमळतात. आपले काम संपले की आता सुरू झाले, हे त्यांना उमगत नसते. या दोन्ही प्रकारच्या पालकांचे आम्ही या स्मरणिकेतून मनःपूर्वक स्वागत करतो. दुसऱ्या प्रकारच्या पालकांच्या मनातील प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हांस थोडे सविस्तर द्यावेसे वाटते, कारण आपल्या इतिहासात त्याचे उत्तर आहे.

अशा प्रसंगी परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र सांगण्याची आपली परंपरा आहे. ते चरित्र मुलांना शाळेत शिकवले जाते आणि त्यांनी ते आत्मसात करावे अशीच आमची धडपड असते. पण पालकांनी कोणाचे चरित्र वाचावे? आमच्या मते त्यांनी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे चरित्र वाचावे. भीमरावांचे वडील म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. प्रत्येक जयंतीला त्यांचे आणि माता भीमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते. परंतु नाव घेणे वेगळे आणि त्या माणसाने नेमके काय केले हे समजून घेणे वेगळे.

पलटणीतील शाळा

सकपाळ घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. हे गाव आज मंडणगड तालुक्यात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यात सैन्य उभारले, तेव्हा महार समाजातील अनेक तरुण गावकीची वंशपरंपरागत कामे सोडून पलटणीत भरती झाले. रामजींचे वडील मालोजी हे त्यांपैकीच एक. पुढे रामजीही सैन्यात गेले आणि सुभेदार या हुद्द्यापर्यंत चढले.

सैन्याने या घराण्याला पगार दिला आणि गणवेशाची प्रतिष्ठा दिली. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाची ठरली ती पलटणीतील शाळा. सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण देण्याची व्यवस्था त्या काळी सैन्यात होती. गावात ज्या समाजाच्या मुलाला शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्या समाजाच्या मुलांना छावणीत पाटी-पेन्सिल मिळत होती. रामजी याच व्यवस्थेत शिकले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे सुमारे 14 वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. भीमरावांचे वडील सैनिक होते हे सर्व जण सांगतात. ते शिक्षक होते, हे आम्हां शिक्षकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

त्यांचा विवाह मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाला. या दांपत्याला 14 अपत्ये झाली, त्यांतील मोजकीच जगली. चौदावे अपत्य म्हणजे महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी जन्मलेले भीमराव. त्यानंतर काही वर्षांतच रामजी निवृत्त झाले.

याच सुमारास, 1892 मध्ये, महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. या निर्णयाने नोकऱ्या गेल्या, तशीच पुढच्या पिढीच्या शिक्षणाची हक्काची वाटही बंद झाली. रामजींना हे कळत होते. या निर्णयाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीत ते होते आणि त्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले, असे चरित्रकार नोंदवतात. ज्या शिडीने आपण वर आलो ती काढून घेतली जात आहे, हे पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. मुलाला लढ्याचा पहिला धडा घरातच मिळाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

सातारा : घरापासून दूर असलेला बाप

निवृत्तीनंतर रामजींनी कुटुंब दापोलीस नेले. परंतु तेथे त्यांचा जम बसला नाही आणि नोकरीच्या निमित्ताने ते साताऱ्यास आले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. धाकटा भीमा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. रामजींची बहीण मीराबाई पायांनी अधू होती. तिच्यावर मुलांच्या सांभाळाचा भार पडला.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, मुलाचे नाव भिवा रामजी आंबेडकर असे दाखल झाले. महाराष्ट्रात आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणीही नसे. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे. रामजींना हे ठाऊक नव्हते असे मानता येणार नाही. तरीही त्यांनी मुलाला शाळेतून काढले नाही. अपमान होतो म्हणून मुलाला घरी बसवणे हा एक मार्ग होता आणि तो पत्करणारे पालक तेव्हाही होते. रामजींनी अवघड मार्ग निवडला. मुलाने शाळेत टिकावे आणि शिकून तो अपमानच संपवण्याची ताकद मिळवावी, हा तो मार्ग.

1901 च्या सुमारास रामजी खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळात माणसे मरत होती आणि त्यांना काम देण्यासाठी सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. मुले साताऱ्यात आत्याजवळ होती. आत्या प्रेमळ होती, पण तिच्याने काम होत नसे. मुले स्वतःच स्वयंपाक करीत. भाकरी थापणे जमत नसे म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करीत आणि त्यावर दिवस काढीत. आमच्या शाळेतील अनेक पालक ऊसतोडणीस किंवा वीटभट्टीवर जातात आणि सहा-सहा महिने मुलांचे तोंड पाहू शकत नाहीत. आपण मुलाजवळ नाही याची बोच त्यांच्या बोलण्यात आम्हांस जाणवते. त्यांना आम्ही सांगू इच्छितो, की बाबासाहेबांचे वडीलही मुलांपासून दूर दुष्काळी कामावर होते.

पण दूर असूनही त्यांनी संपर्क तोडला नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे म्हणून त्यांनी पत्र लिहिले आणि भाड्याचे पैसेही पाठवले. मुलांसाठी नवे कपडे शिवले गेले. मुले आनंदाने निघाली. पुढे मसूर स्थानकावर काय घडले ते आपण सर्व जाणतो. मुलांनी येण्याची वेळ कळवणारे पत्र पाठवले होते. ते रामजींच्या नोकराच्या हाती पडले, पण त्याने ते त्यांना दिलेच नाही. त्यामुळे स्थानकावर न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः गाडी हाकून मुलांनी प्रवास केला. रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही आणि जवळचे अन्न पाण्यावाचून तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी मुले दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना पाहून रामजी चकित झाले. एक पत्र हाती न पडल्याने नऊ वर्षांच्या मुलावर काय प्रसंग ओढवला, हे वाचल्यावर आम्ही वसतिगृहाच्या पत्रांकडे आणि निरोपांकडे कधी हलगर्जीपणे पाहिले नाही. पालकांनीही पाहू नये.

सर्व काही सुरळीत नव्हते

चरित्र सांगताना माणसाला देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह होतो. तो टाळणे हे आम्ही आपल्या धम्माशी सुसंगत समजतो. भीमाबाईंच्या निधनानंतर रामजींनी दुसरा विवाह केला. लहानग्या भीमाला ते रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून त्याचे मन दुखावले. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईस जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरवले. प्रवासाच्या पैशांसाठी त्याने आत्याच्या कनवटीची पिशवी लांबवली. तीत निघाला फक्त अर्धा आणा. तेव्हा लाज वाटून त्याने मुंबईचा विचार सोडला आणि अभ्यास करून लवकर स्वावलंबी होण्याचा निश्चय केला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतःच प्रांजळपणे सांगितलेला आहे.

घरातील उलथापालथीने मूल रुसते, बिथरते आणि कधी कधी पळून जाण्याचा विचार करते, हे आम्ही वसतिगृहात दर वर्षी पाहतो. असे मूल वाया गेले असे समजण्याचे कारण नाही. रामजींनीही तसे समजले नाही.

परळची खोली

1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. मराठा हायस्कूल आणि त्यानंतर एल्फिन्स्टन हायस्कूल असे भीमरावांचे शिक्षण चालू झाले. रामजींच्या निवृत्तिवेतनात दोन मुलांचे हायस्कूलचे शिक्षण बसत नव्हते. थोरल्या आनंदरावांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. एका भावाने शाळा सोडली म्हणून दुसऱ्याची शाळा चालू राहिली, हे आपण विसरता कामा नये.

त्या एका खोलीत स्वयंपाक होई, माणसे झोपत, सरपण असे, जाते असे आणि शेळीही बांधलेली असे. तेथे अभ्यास कसा व्हावा? रामजींनी तोडगा काढला. मुलाला ते लवकर झोपवीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवीत आणि मग स्वतः झोपत. सारी चाळ निजलेली असताना मिणमिणत्या दिव्यापाशी मुलाचा अभ्यास चाले. अभ्यासाची खोली देण्याची ऐपत बापाकडे नव्हती, म्हणून त्याने आपल्या झोपेतून मुलाला शांत वेळ काढून दिला.

इंग्रजीबद्दल त्यांचा विशेष कटाक्ष होता. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला ते मुलाकडून घोटून घेत. ते कबीरपंथी होते. त्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ भजन-प्रार्थनेची शिस्त होती. बाबासाहेबांनी पुढे बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना आपले गुरू मानले. त्यांतील कबीर त्यांना घरातच भेटले होते.

रामजी मुलांकडून रामायण-महाभारतही वाचून घेत. यावर भीमरावांनी वडिलांना जाब विचारला होता. आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, सामान्य स्थितीतून मोठी झालेली माणसे त्यांना भेटावीत, असा रामजींचा हेतू होता. मुलाला तो पटला नाही. त्या ग्रंथांतील एकही पात्र आपल्याला आवडत नाही, असे त्याने वडिलांना स्पष्ट सांगितले. रामजी गप्प राहिले. कडक शिस्तीच्या लष्करी माणसाने मुलाचे बंड ओळखले आणि ते चिरडले नाही. ज्या घरात मुलाला प्रश्न विचारता येतो, त्या घरातले मूल पुढे समाजाला प्रश्न विचारू शकते. तथागतांनीही तपासून पाहिल्याखेरीज काही स्वीकारू नका असेच शिकवले. त्या दृष्टीने रामजींचे ते मौन आम्हांस फार मोलाचे वाटते.

सत्कार आणि एक पुस्तक

भीमराव इंग्रजी शाळेतील परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील मंडळींनी सत्काराची सभा भरवण्याचे ठरवले. इतकी मजल मारणारा मुलगा त्यांच्यासाठी नवलाचा होता. ते रामजींकडे परवानगी मागण्यास गेले, आणि रामजींनी नकार दिला. मुलाने परीक्षा पास होण्यापलीकडे अजून काहीच केलेले नाही, सत्काराने तो बिघडेल, असे त्यांचे म्हणणे पडले. मंडळी हिरमुसली आणि रामजींचे स्नेही दादा केळुसकर यांच्याकडे गेली. दादांनी रामजींचे मन वळवले, सभा झाली, आणि तीत दादांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. बुद्धाकडे आपण वळलो ते या पुस्तकामुळे, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे.

आज दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी चौकात मुलाचा फलक लागतो. आनंद जरूर साजरा करावा. पण फलकाच्या खर्चात मुलाच्या हाती एखादे चांगले पुस्तकही येते, हे या प्रसंगावरून ध्यानात घ्यावे. रामजींचा संयम आणि दादांचे पुस्तक या दोन्ही गोष्टी त्या सभेत होत्या.

मुलींचे दागिने

भीमरावांची वाचनाची भूक अनावर होती. शाळेच्या पुस्तकांपलीकडे त्यांना सतत नवी पुस्तके हवी असत. हातात पैसा नसे, तेव्हा रामजी धाकट्या मुलीच्या घरी जात आणि तिच्याकडून दोन-चार रुपये उसने घेत. तेथे जमले नाही तर थोरल्या मुलीकडे जात. तीही आपला एखादा दागिना काढून देई. रामजी तो मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक विकत आणत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत देत.

या प्रसंगात मुलासाठी झिजणारा बाप सर्वांना दिसतो. आम्हांस त्या मुलीही दिसतात. हायस्कूलचे दार उघडले ते भावासाठी, आणि त्याच्या पुस्तकांसाठी गहाण पडले ते बहिणींचे दागिने. मंजुळाबाई आणि तुळसाबाई यांचे हे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आज आपल्या हाती आहे. मुलाला जितके शिकवू तितकेच मुलीलाही शिकवावे. आठवीनंतर मुलीला घरी थांबवण्याचा विचार ज्या घरात चालू असेल, त्या घराने गहाण पडलेला तो दागिना आठवावा.

बडोदे आणि अखेरची भेट

भीमराव 1907 मध्ये मॅट्रिक झाले. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 मध्ये ते बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास निघाले. रामजींना हे पसंत नव्हते. तेथे मुलाला अस्पृश्यतेचे चटके बसतील, अशी त्यांना भीती होती. ती भीती पुढे खरी ठरली. परंतु मुलगा निघाला.

थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार बडोद्यास आली. भीमराव तातडीने मुंबईस निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी बर्फी घेण्यास ते उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचण्यास उशीर झाला. रामजींचे डोळे मुलाच्याच वाटेकडे लागलेले होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनी क्षीण हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913 हा होता.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रामजींनी कोलंबिया पाहिले नाही, महाडचा सत्याग्रह पाहिला नाही, संविधान पाहिले नाही, नागपूरची दीक्षाभूमी पाहिली नाही. त्यांनी पाहिली होती ती एक पदवी आणि तिच्यासाठी जागवलेल्या रात्री.

दहा वर्षांनी, 1923 मध्ये, बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रातील त्या गहन ग्रंथाच्या आरंभी अर्पणपत्रिका आहे. तो ग्रंथ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखवलेली जाण यांबद्दल त्यांनी तेथे कृतज्ञता व्यक्त केली आहे. त्याग पुष्कळ पालक करतात. बाबासाहेबांनी त्यागाच्या जोडीला जाणही नोंदवली, हे आम्ही पालकांच्या लक्षात आणून देऊ इच्छितो.

आजच्या पालकांस

रामजींनी जे एका खोलीत केले, ते समाजातील प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावे म्हणून बाबासाहेबांनी वसतिगृहांचा मार्ग धरला. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिची महाविद्यालये मुंबईत व औरंगाबादेत उभी राहिली. आमच्यासारख्या निवासी शाळा याच परंपरेतून आल्या. शांत जागा, दिवा, वेळेवर जेवण आणि पहाटे उठवणारे कोणी तरी, हे मुलाला देण्याचे काम वसतिगृह करते.

परंतु रामजींचे सारे काम वसतिगृह करू शकत नाही. मुलाला पत्र लिहिणे किंवा आठवड्यातून एकदा फोन करणे, पालकसभेस एका दिवसाची मजुरी बुडाली तरी येणे, दिवाळीच्या सुटीनंतर मुलाला ठरल्या दिवशी परत आणून सोडणे, त्याने विचारलेला प्रश्न ऐकून घेणे आणि मुलीला मुलाइतकेच शिकवणे, ही कामे पालकांचीच राहतात. त्यांना पैसा फारसा लागत नाही. मात्र जाण लागते. शिक्षण नसलेल्या पालकाजवळ ती नसते असे कोणी समजू नये. मुलाने काय वाचले हे आपल्याला वाचता आले नाही, तरी आज काय वाचलेस, असे विचारता येतेच.

आमच्या माजी विद्यार्थ्यांतही आज अनेक जण पालक झाले आहेत. त्यांच्या घरात अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे, पुस्तकांचे कपाट आहे, दागिने गहाण ठेवण्याची वेळ नाही. त्यांनी प्रथमच येणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा हात धरावा आणि त्याच्यासाठी दादा केळुसकर व्हावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.

कार्यालयाच्या दारापाशी घुटमळणाऱ्या पालकांना आमचे उत्तर एवढेच, की आपले काम आता सुरू झाले आहे आणि ते आपण एकट्याने करायचे नाही. आम्ही आपल्या सोबत आहोत. नव्या वर्षात आपल्या मुला-मुलींसह आपले स्वागत असो.

जय भीम! नमो बुद्धाय!